चौदाशे तीस मीटरचं बंदर

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे कुणाला मागाहून ती शोधून काढायचे कष्ट नकोत. पण त्या चुकीला जे हसले त्यांच्याशी माझं भांडण होतं, आणि ते मी कुठे जाऊन मिटवलं त्याची ही गोष्ट.

मी हमीदा. माहेर आणि सासर दोन्ही दापोली तालुक्यातलं, हर्णै बंदराजवळचं. लग्न होऊन बहारीनला आले त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यातली एकवीस मी हिद्दला एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम करते आहे. माल कुठल्या बंदरातून निघाला, कुठल्या बंदरात उतरायचा, कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, जहाज धक्क्याला किती वाजता लागलं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर अख्खा कंटेनर उन्हात तापत पडतो. ऑफिसातली नवीन मुलं मला कागद दाखवायला घाबरतात, आणि त्यांनी घाबरावं असंच मला वाटतं.

सायकल त्या मानाने नवीन. चार वर्षांपूर्वी डॉक्टरने शुगर काढली आणि रोज चाला म्हणून सांगितलं. चालणं म्हणजे माझ्या मते वेळेचा सत्यानाश. माझ्या लेकीची, आतिकाची, सायकल माहूजच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत धूळ खात पडली होती, ती मी खाली उतरवली. सखीरला गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक आहे, तो आठवड्यातून एका संध्याकाळी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळा असतो. तिथे स्कार्फवर हेल्मेट घालून, सलवारीला घोट्यापाशी रबरबँड लावून मी फिरायला लागले. सुरुवातीला लहान मुलं मला मागे टाकत. वर्षभराने मी त्यांच्या बापांना मागे टाकायला लागले. मग रीतसर रोड सायकल घेतली आणि राजनच्या ग्रुपमध्ये शिरले.

राजन हा आमच्या ग्रुपचा म्होरक्या. पालक्काडचा, एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. त्यामुळे त्याला रस्ता दिसायच्या आधी अपघात दिसतो. गेल्या नोव्हेंबरात त्याने जाहीर केलं की मेमध्ये स्पेनला जायचं, तिथल्या एका खेडवळ व्हॅलीत तीन दिवस सायकली चालवायच्या. रस्त्याचा कागद त्याने ग्रुपवर टाकला, आणि पाच मिनिटांत पहिलं नाव मी दिलं.

आता चूक. त्या कागदावर चार ठिकाणं ठळक अक्षरांत होती आणि चारही ‘पुएर्तो’ने सुरू होत होती. प्रत्येकापुढे आकडा. आठशे सत्तर मीटर, एक हजार चाळीस, अकराशे वीस, आणि सगळ्यांत शेवटी पुएर्तो दे ला तोर्दा, चौदाशे तीस. पुएर्तो म्हणजे बंदर, हे मला कुणी शिकवायला नको. स्पेनहून टाइल्स येतात, ऑलिव्ह येतात, त्यांच्या कागदांवर मी तो शब्द एकवीस वर्षं वाचते आहे. पुएर्तो दे वालेन्सिया, पुएर्तो दे बार्सेलोना. आणि बंदरापुढे मीटर लिहिले असतील तर ती धक्क्याची लांबी, दुसरं काय असणार? व्हॅली म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे खाडी आली. आमच्याकडे दोन डोंगरांच्या मधून खाडीच येते आणि ती बंदरालाच मिळते. मी मनात रस्ता आखून मोकळी झाले. डाव्या हाताला समुद्र, या बंदरातून त्या बंदरात, सगळं सपाट. बहारीनच, फक्त जरा थंड.

पुढच्या शुक्रवारी सकाळी राजनच्या घरी मीटिंग होती. त्याने टीव्हीवर रस्त्याची आकृती लावली. करवतीच्या दात्यांसारखी रेघ, चार वेळा वर, चार वेळा खाली.

“हे काय आहे?” मी विचारलं. “बंदरं कुठे आहेत?”

“कौन सा बंदर, हमीदाजी?”

मी पर्समधून माझा कागद काढला. चारही बंदरांची नावं, धक्क्यांची लांबी, आणि कुठल्या बंदरात दुपारचं जेवायला मासे मिळतील याचा अंदाज. तो कागद मी त्यांच्यासमोर वाचला. आज आठवलं तरी कानशिलं तापतात. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग अकराच्या अकराजण हसायला लागले. एकजण तर सोफ्यावरून खाली घसरला. राजनने हसू दाबत सांगितलं की डोंगरात रस्ता जिथून पलीकडे उतरतो त्या खिंडीलासुद्धा स्पेनमध्ये पुएर्तोच म्हणतात, आणि आकडे उंचीचे आहेत.

हसले ते एक वेळ ठीक. मीही हसले असते. पण त्याच संध्याकाळी राजनने ग्रुपवर नवी यादी टाकली. तीत दोन रकाने होते, रायडर आणि वॅन. वॅन म्हणजे पाणी, पंक्चरचं सामान आणि थकलेली माणसं घेऊन मागून येणारी गाडी. त्या रकान्यात एकच नाव होतं, माझं. पुढे कंसात ‘फोटो’. मला न विचारता.

मी त्याला तिथल्या तिथे फोन लावला.

“राजनभाई, मेरा नाम ऊपर लिखो.”

“हमीदाजी, प्रॅक्टिकल सोचिए. बहारीन में पहाड मफी, है ही नहीं. पहाड मफी तो प्रॅक्टिस मफी. आप चौवन साल की हैं, शुगर है. एक बार ओमान में मेरा एक रायडर चढाई पे गिर गया था. मैंने खुद उसको उठाके गाडी में डाला. वह दिन मैं भूला नहीं.”

त्याचा आवाज खरा होता, हे मी कबूल करते. पण दुसऱ्याच्या भीतीचं ओझं मी का उचलायचं? मी म्हटलं, “बाराजणांच्या व्हिसाच्या फायली कोण तयार करतंय?”

फायली मीच करत होते. ग्रुपात कागद समजणारी मी एकटी.

“डराती हो?”

“नाही, आठवण करून देते,” मी चक्क मराठीत म्हटलं. त्याला ते कळलं.

शेवटी एक अट ठरली. रोजच्या शेवटच्या खिंडीच्या माथ्यावर दोन वाजेपर्यंत पोचायचं. दोन वाजले की जिथे असाल तिथून वॅनमध्ये बसायचं आणि तुमच्या नावापुढे ‘अपूर्ण’ लागणार. अट सगळ्यांना सारखी, असं तो म्हणाला. ती कुणासाठी आहे ते बाराजणांना ठाऊक होतं. मी कबूल केली.

घरी आतिकाला सांगितलं तर तीही हसली. ती इथेच जन्मली, इथेच इंग्रजी शाळेत वाढली. मी कोकणीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं असं बावीस वर्षं चाललंय.

“ओ माय गॉड, अम्मी! यू थॉट इट वॉज अ बीच!”

“हसतंस काय गो? तुझी सायकल माझ्यामुळं जिती ऱ्हायली.”

नवरा, रहिमतुल्ला, ताटावरून मान न उचलता आतिकाला म्हणाला, “जाऊ दे तिला. ना बोललीस तं दोनदा जाईल.” माझ्या बाजूने तो एवढंच बोलला, पण बोलला.

खरा आधार मिळाला तो सलमाबादला. तिथे गॅरेजांच्या रांगेत सायकलींचं एक वर्कशॉप आहे, आणि त्यात दत्ताराम नावाचा मिस्त्री आहे. चिपळूणजवळच्या पोफळीचा, कुंभार्ली घाटाच्या अगदी पायथ्याचा. साठीला आलाय. शब्द मोजून बोलतो, पण सायकलला हात लावला की तिचं दुखणं ओळखतो. मी त्याला सगळं सांगितलं. धक्क्याच्या लांबीसकट. तो हसेल म्हणून मी तयारीतच होते.

तो हसला नाही. चेन पुसत म्हणाला, “भाभी, घाट म्हंजे काय ओ?”

“घाट म्हणजे घाट. तुमचा कुंभार्ली.”

“आन् नदीवर पायऱ्या असतात, होडी लागते, बाया कपडे धुतात, त्याला काय म्हणता?”

त्यालाही घाटच म्हणतात.

“मग?” तो म्हणाला. “आपला एकच घाट पाण्याला पण लागतो नि डोंगराला पण लागतो. आपल्याला कोण हसला कधी? त्यांचं बंदर डोंगरावर गेलं तं काय बिघडलं? तुमी बरोबरच वाचलाव. हसणाऱ्यांना दोन भाषा येत नसतील.”

त्या तेलकट वर्कशॉपात मला एकदम भरून आलं. महिनाभर मी स्वतःला येडी समजत होते, आणि इथे पोफळीच्या माणसाने दोन वाक्यांत मला माझी अक्कल परत दिली. मी त्याला म्हटलं, “दत्तारामभाऊ, मला वर चढवा.”

“मी कसा चढवणार? तुमचे पाय चढवतील. मी मागचं चक्र बदलून देतो, मोठं, चौतीस दात्यांचं. पाय हलका पडेल, वेग मरेल. चालेल?”

“चालेल.”

“आन् दुसरं. इथं डोंगर नाय, पण वारा हाय. शमाल सुटला की सगळे घरात बसतात, तुमी बाहेर पडा. सखीरवरनं मनामाकडं या, वाऱ्याला तोंड देऊन, जड गिअर टाकून. उतरायचं नाय. वारा म्हंजे आपला घाटच समजा.”

शमाल म्हणजे इथला वायव्येचा वारा. सुटला की दात वाळूने करकरतात आणि सपाट रस्तासुद्धा उभा वाटायला लागतो. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत मी तो वारा खाल्ला. ऑफिस सुटलं की सायकल गाडीत टाकून सखीर, आणि तिथून वाऱ्याला छाती लावून उत्तरेकडे. ग्रुपवाले हवामान बघून राइड रद्द करायचे, त्या दिवशी मी हटकून जायची. शुक्रवारी पहाटेची फजरची नमाज झाली की सलमाबादजवळचा फ्लायओव्हर. सुट्टीचा दिवस, रस्ता रिकामा असतो. वर, खाली, वळायचं, परत वर. चाळीस वेळा. एका शुक्रवारी पोलिसाची गाडी येऊन थांबली. त्याने मला बारा-पंधरा फेऱ्या मारताना पाहिलं असणार. काच खाली करून त्याने विचारलं, “वेन रायहा, खाला?” कुठे निघालात, मावशी?

“इस्बानिया,” मी म्हटलं. स्पेनला.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग फ्लायओव्हरकडे, आणि हात हलवून म्हणाला, “यल्ला!” चला, निघा! पुढच्या शुक्रवारपासून तो लांबूनच हॉर्न वाजवायला लागला.

सगळंच असं गमतीचं नव्हतं. फेब्रुवारीत एकदा शमाल असा काही आला की समोरचा दिव्याचा खांब दिसेना. सायकल जागची हलेना. मी उतरले, एका भिंतीआड बसले आणि रडले. नाक, डोळे, तोंड, सगळ्यात वाळू. मला वाटलं, राजन म्हणतो तेच खरं. फोन काढून रहिमतुल्लाला बोलवावं, गाडीत बसावं, खलास. फोन हातात घेतला तर त्याच्यावर राजनची यादी उघडी होती, आणि माझं नाव खोडून परत वर लिहिल्याची खूण तीत तशीच राहिली होती. कागदावरची खाडाखोड मला सहन होत नाही. मी फोन खिशात टाकला आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला. त्या दिवशी घरी पोचायला मला तीन तास लागले. पण पोचले सायकलवरच.

मेमध्ये आम्ही गेलो. व्हॅली खरंच खेडवळ होती. मधून छोटी नदी, दोन्ही बाजूंना चेरीची झाडं, दगडी बांध, आणि दर पाच-सात किलोमीटरला एक गाव. एक देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, एक पाण्याचा नळ, आणि उन्हात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी माणसं. हिरवं इतकं होतं की पहिल्या दिवशी मला कोकणच आठवलं. तसं कुणाला बोलून दाखवलं नाही.

पहिल्या दिवशी दोन खिंडी होत्या, आठशे सत्तर आणि एक हजार चाळीस. ग्रुप पहिल्याच वळणावर दिसेनासा झाला. मी चेन दत्तारामच्या मोठ्या चक्रावर टाकली आणि माझ्या गतीने सुरू राहिले. पाय गोल, श्वास गोल. दोन वाजायला चाळीस मिनिटं असताना मी दुसऱ्या माथ्यावर होते. दुसऱ्या दिवशी अकराशे वीसची खिंड, पण रस्ता लांब आणि ऊन कडक. पोचले तेव्हा हातात अकरा मिनिटं उरली होती. सोफ्यावरून घसरलेला इसम मला स्वतःचं केळं द्यायला आला. मी घेतलं. केळ्याशी माझं भांडण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तोर्दा.

सकाळी निघताना राजन म्हणाला, “हमीदाजी, दो दिन बहुत अच्छा किया. आज वॅन में आराम कर लीजिए. किसी को बुरा नहीं लगेगा.”

“मला लागेल,” मी म्हटलं आणि निघाले.

चढ सुरू व्हायच्या आधीच्या शेवटच्या गावात मी नळावर बाटली भरायला थांबले. तिथे काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बादली भरत होती. तिने माझा स्कार्फ पाहिला, सायकल पाहिली, आणि वर डोंगराकडे बोट करून विचारलं, “पुएर्तो?”

“पुएर्तो,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि माझी बाटली स्वतः काठोकाठ भरून दिली. कुणी हर्णैला जाणाऱ्याला ‘बंदरावर का?’ असं विचारावं, इतक्या साधेपणाने तिने विचारलं होतं. मला दत्ताराम आठवला.

चढ तेरा किलोमीटरचा. पहिले सात चेस्टनटच्या सावलीतून, पुढे झाडं संपली आणि नुसता खडक, गवत आणि बकऱ्यांच्या घंटा. नवव्या किलोमीटरला माझ्या मांडीत गोळा आला. उतरून ताणलं, खजूर खाल्ला, शुगर तपासली, परत बसले. त्यात दहा मिनिटं गेली. दहावा संपला तेव्हा घड्याळात पावणेदोन. मी हिशेब केला आणि मला कळलं की मी दोनपर्यंत पोचत नाही. कशीही गेले तरी नाही.

हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. राजनचा नाही, त्याच्या घड्याळाचा. डोंगर दोन वाजता बंद होतो का? वर शटर आहे का?

दोन वाजून तीन मिनिटांनी वॅन वरून खाली आली. राजन ड्रायव्हरशेजारी होता. तो कधीच माथ्यावर पोचून मला न्यायला परत आला होता. त्याने गाडी वळवून माझ्या बाजूला आणायला लावली आणि मधलं दार सरकवलं.

“हमीदाजी, दो बज गए. खलास. बैठिए.”

“कितना बाकी है?”

“डेढ किलोमीटर. लेकिन टाइम ओव्हर है. आप ही ने माना था.”

“मी ‘अपूर्ण’ कबूल केलं होतं. तुम्ही हवं ते लिहा. मी बसणार नाही.”

“ऊपर हवा बहुत है. सब लोग परेशान हुए. दो जन चलके आए.”

“हवा है?” मी विचारलं, आणि मला हसू यायला लागलं. “राजनभाई, गाडी मागे घ्या. माझा रस्ता अडवू नका.”

त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. मग ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. वॅन मागे सरली आणि इंडिकेटर लुकलुकत माझ्यामागून सरपटायला लागली. दार उघडंच होतं. मी मधेच पडले तर उचलायला बरं, म्हणून असेल.

पुढच्या वळणावर वारा आला. खिंडीच्या फटीतून थेट तोंडावर, सायकल आडवी करणारा. तो अंगावर आला आणि मला वाटलं, अरे, तू होय? याला मी ओळखत होते. सखीर ते मनामा हा पाच महिने माझ्या छातीवर बसला होता. फक्त इथे त्याच्यात वाळू नव्हती, आणि वाळू नसलेला शमाल म्हणजे काय शमाल! मी खांदे पाडले, हनुवटी हँडलजवळ नेली आणि दत्तारामने सांगितलं होतं तसं करत राहिले. उतरायचं नाय. शेवटच्या आठशे मीटरमध्ये मी आधीपेक्षा जोरात होते. खोटं वाटेल तर मागच्या वॅनवाल्याला विचारा.

माथ्यावर एक निळी पाटी होती. पुएर्तो दे ला तोर्दा, आणि खाली १.४३० मी. स्पेनवाले हजारानंतर टिंब देतात, ते मला माझ्या कागदांवरून ठाऊक आहे. बाकीचे दहाजण भिंतीच्या आडोशाला जॅकेटं घालून कुडकुडत बसले होते. मला पाहून ते उठले. कुणी टाळ्या वाजवल्या की नाही, वाऱ्यात ऐकू आलं नाही. मी पाटीच्या खांबाला हात लावला आणि मगच उतरले.

राजन वॅनमधून उतरून आला. त्याच्या हातात फोन, फोनवर यादी. तोंड पडलेलं. त्याला नियम मोडता येत नाही, तो तसा माणूसच नाही. त्यात त्याची चूकही नाही.

“हमीदाजी, मुझे ‘अपूर्ण’ लिखना पडेगा. सॉरी.”

माझं डोकं अगदी ताळ्यावर होतं. मी म्हटलं, “राजनभाई, मैं इक्कीस साल से जहाजों का कागज बनाती हूं. कोई जहाज दोन दिवस उशिरा येतं, कोई दस दिन. वादळ असतं, इंजिन बिघडतं. उशीर झाला तर मी ‘लेट’ लिहिते. दंड लागतो, लोक शिव्या देतात. पण धक्क्याला लागलेल्या जहाजापुढे ‘पोचलं नाही’ असं मी आजवर लिहिलेलं नाही. तसं लिहिलं तर तो खोटा कागद होतो.” मी पाटीवर हात आपटला. “यह पोर्ट है. मैं पोर्ट में खडी हूं. आता लिहा काय लिहायचं ते.”

कुणी हसलं नाही. पोर्ट म्हणाले तरी कुणी हसलं नाही.

राजनने पाटी वाचली, मग फोनवरची यादी. वाऱ्याने त्याचे डोळे पाणावले होते. वाऱ्यानेच असतील. अखेर त्याने अंगठा स्क्रीनवर ठेवला आणि विचारलं, “कितने बजे लिखूं?”

“दोन वाजून बावीस मिनिटं. आणि आधीचं खोडताना नीट खोडा. मला खाडाखोड आवडत नाही.”

त्याने लिहिलं. मला दाखवलं. ‘पोचली, २:२२, लेट.’ मी कागद तपासते तसं एकेक अक्षर तपासलं. बरोबर होतं.

मग पाटीखाली माझा एक फोटो काढला आणि आतिकाला पाठवला. काही लिहिलं नाही, फोटोच. बहारीनला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजत आले होते. दोन मिनिटांत उत्तर आलं. बावीस वर्षांत जिने मला इंग्रजीशिवाय उत्तर दिलं नाही, तिने देवनागरीत लिहिलं होतं, वेलांटी चुकवून: ‘बंदर आला अम्मि. आता नांगर टाक.’

ती चूक मी दुरुस्त केली नाही. तशीच ठेवली आहे, फोनमध्ये अजून आहे.

राजनने वॅनचं दार पुरतं उघडून धरलं. “चलिए, अब तो बैठेंगी? नीचे तक बीस किलोमीटर है.”

नांगर टाकायला माझी काही ना नव्हती. पण पलीकडे उतार होता, तो पार खालच्या गावापर्यंत दिसत होता, आणि तो चढून आलेल्यांचा असतो. मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, स्कार्फ आत खोचला, ब्रेक दोनदा दाबून पाहिले.

“दार लावून घ्या, राजनभाई,” मी म्हटलं, “वारा आत जातोय.” आणि पाय पायडलवर ठेवला.